ग्रुपिंगपासून नीटपर्यंत : विष्णुपुरीच्या वाटेवरचा अभ्यास

नांदेडहून लातूर रस्त्याने गोदावरी ओलांडून निघालं की विष्णुपुरीत तीन मोठ्या संस्था लागतात. 1981 चं श्री गुरु गोबिंद सिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय, 1994 चं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आणि डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. वैद्यकीय महाविद्यालय 1988 ला शहरात सुरू झालं आणि पुढे इथे आलं. विद्यापीठाच्या विज्ञान शाखेला प्रवेश मिळणं फारसं अवघड नाही. पण शेजारच्या मेडिकलमध्ये जायचं तर काय शिकायचं, कुठे शिकायचं आणि किती वर्षं, याचं उत्तर दर पिढीला बदलत गेलं.

निजामाच्या राजवटीत नांदेडच्या पोराला डॉक्टर व्हायचं म्हणजे हैदराबाद गाठायचं आणि उस्मानिया विद्यापीठाचं उर्दू माध्यम पचवायचं. 1950 ला नांदेडात पीपल्स कॉलेज निघालं, 1956 ला औरंगाबादला मेडिकल झालं, 1958 ला मराठवाडा विद्यापीठ आलं. तेव्हा मेडिकलला थेट शाळेतून जाता येत नसे. मॅट्रिकनंतर कॉलेजात विज्ञान शिकायचं आणि तिथल्या विद्यापीठीय परीक्षेच्या गुणांवर अर्ज करायचा. अमेरिकेत आजही आधी चार वर्षांची पदवी आणि मग मेडिकल स्कूल असा क्रम आहे. आपल्याकडे त्याचं छोटं रूप होतं, हे आता कुणाच्या लक्षातही नाही. नीट या आजच्या देशव्यापी वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या माहितीपुस्तिकांमध्ये पात्रतेच्या यादीत बारावीबरोबरच इंटरमिजिएट, प्री-मेडिकल, पदवीचं पहिलं वर्ष आणि बी.एस्सी. यांचेही रकाने दिसतात. ती त्या काळाची खूण.

सत्तरच्या दशकात 10+2+3 आलं आणि सगळा भार बारावीवर पडला. भौतिक, रसायन, जीवशास्त्र या तीन विषयांच्या बेरजेला म्हणायचं ग्रुपिंग. निकालाच्या दिवशी टक्के कुणी विचारत नसे, 'ग्रुपिंगला किती?' एवढंच विचारत. पुढे याच ग्रुपिंगच्या काळात लातूर पॅटर्न म्हणून ओळखली जाणारी तयारीची पद्धत घडली आणि ती कॉलेजात घडली, हे विसरू नये. 1961 चं दयानंद आणि 1970 चं राजर्षी शाहू या महाविद्यालयांनी प्राध्यापकांकरवीच जादा तास घेतले, प्रश्नसंच सोडवून घेतले, चाचणीमागून चाचणी घेतली, तपासलेला पेपर पोराच्या हातात देऊन चूक दाखवली. शाहूचे प्राचार्य जनार्दन वाघमारे स्वतः इंग्रजीचे प्राध्यापक आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या साहित्याचे अभ्यासक. 1994 ला तेच विष्णुपुरीच्या नव्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. घोकंपट्टीचा कारखाना म्हणून पॅटर्नला नावं ठेवणाऱ्यांनी हा माणूस आधी पाहावा. गावाकडून एसटीने डबा यायचा, पोरगं खोलीवर राहून अभ्यास करायचं आणि मास्तर त्याला नावाने ओळखायचे. या व्यवस्थेत दोष होते, पण शिकवणारा आणि परीक्षा घेणारा एकाच छपराखाली होता.

1998 ला नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झालं आणि वैद्यकीय महाविद्यालयांची संलग्नता तिकडे गेली. विष्णुपुरीचं विद्यापीठ आणि मेडिकल आज शेजारी असली तरी वेगळ्या घरची झाली. 1999 ला मेडिकल प्रवेशासाठी राज्याची सीईटी ही सामाईक परीक्षा आली. दोनशे प्रश्न, त्यात शंभर जीवशास्त्राचे, चुकीच्या उत्तराला दंड नाही. दीर्घोत्तरी लिहिण्याची सवय गेली आणि पेन्सिलीने गोल भरायची आली. तरी अभ्यासक्रम राज्य मंडळाचाच होता, त्यामुळे कॉलेजचं पुस्तक अजून कामाचं होतं.

नीटचा अभ्यास एनसीईआरटीच्या केंद्रीय पुस्तकांवरचा, त्यामुळे नीटने तेही काढून घेतलं, आणि तेसुद्धा धड एका दमात नाही. 5 मे 2013 ला पहिली नीट झाली आणि 18 जुलैला सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. पुन्हा सीईटी. मग 2016 चा उन्हाळा आला. 11 एप्रिलला न्यायालयाने आपलाच निकाल मागे घेतला, 28 एप्रिलला नीट घ्याच म्हणून आदेश दिला. 1 मेला नीटचा पहिला टप्पा, 5 मेला राज्याची सीईटी, 24 जुलैला दुसरा टप्पा. राज्याच्या पुस्तकावर दोन वर्षं घासलेल्या पोरांनी चार दिवसांत एनसीईआरटीची पुस्तकं शोधली. शेवटी 24 मेच्या अध्यादेशाने त्या वर्षापुरती राज्यांना सूट मिळाली आणि सीईटीचे गुण धरले गेले. तोवर किती घरांत जेवणं बंद झाली असतील, याची नोंद कुणी ठेवली नाही.

2017 पासून नीट कायमची झाली. 720 गुण, चुकीला एक गुण वजा, पेपर मराठीतही मिळू लागला. पण अकरावी-बारावीचं विज्ञान आपल्याकडे इंग्रजीतूनच शिकवलं जातं, त्यामुळे मराठी पेपरचा उपयोग होणारी मुलं थोडीच. एनसीईआरटीचं जीवशास्त्र मात्र प्रत्येकाकडे सारखं दिसतं. पिवळ्या हायलायटरने इतक्या ओळी रंगवलेल्या की न रंगवलेली ओळच डोळ्यात भरते.

याच वर्षांत अभ्यास कॉलेजातून क्लासमध्ये गेला. लातूरचा ट्यूशन एरिया, नांदेडचं श्यामनगर, बाबानगर, भाग्यनगर हे आता राज्यभरातल्या पालकांना ठाऊक असलेले पत्ते आहेत. कित्येकांसाठी कॉलेज प्रवेशापुरतं आणि प्रॅक्टिकलच्या जर्नलवर सही घेण्यापुरतं उरलं. सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याची साल न पाहता पेशीवरचे सगळे प्रश्न बरोबर सोडवणारं पोरगं हा या पद्धतीचा खरा निकाल आहे. जून 2024 मध्ये नांदेडच्या दहशतवादविरोधी पथकाच्या तक्रारीवरून लातुरात नीटसंबंधी गुन्हा नोंदला गेला आणि तपास सीबीआयकडे गेला, तेव्हा सगळ्या पॅटर्नलाच आरोपी केलं गेलं. ते अन्यायाचं होतं. पण एवढा पैसा एका तीन तासांच्या पेपरभोवती फिरू लागला की माश्या येणारच.

जागांचाही हिशेब बदलला. 70:30 या नियमाने विभागातल्या सत्तर टक्के जागा त्याच विभागातल्यांना मिळत. मराठवाड्यात शासकीय महाविद्यालयं मोजकी, औरंगाबाद, अंबाजोगाई, नांदेड आणि 2002 चं लातूर. त्यामुळे जास्त गुण असूनही इथली मुलं मागे पडत. सप्टेंबर 2020 मध्ये हा नियम रद्द झाला, तेव्हा वैद्यकीय शिक्षणमंत्री लातूरचेच अमित देशमुख होते. पुढे धाराशिव, परभणी, जालना, हिंगोली इथे महाविद्यालयं आली.

राहिला प्रश्न नीट पुन्हा देणाऱ्या रिपीटरांचा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने (एनएमसी) 2022 मध्ये नीटची कमाल वयोमर्यादा काढली, प्रयत्नांना मर्यादा नाहीच. मग 'गॅप पडू नये' म्हणून बी.एस्सी.ला नाव घालायचं, वर्गात न जाता क्लास करायचा, असा रिवाज पडला. ही वर्ष वाया घालवण्याची अधिकृत सोय झाली आहे. 2024-25 पासून संलग्नित महाविद्यालयांत नवं शैक्षणिक धोरण लागू झालं. मिळवलेले श्रेयांक आता जमा राहतात. नाव घातलंच आहे तर प्राणिशास्त्र, रसायन, सूक्ष्मजीवशास्त्र यांतलं काही मनापासून निवडावं आणि प्रॅक्टिकलला उभं राहावं. नीट जमली तर एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी तेच कामाला येईल. नाही जमली तर पदवीचं एक वर्ष खरोखर पूर्ण झालेलं असेल. पालकांनो, अकरावीला क्लासची फी भरण्याआधी मुलाला घेऊन एकदा कॉलेजची प्रयोगशाळा पाहून या, आणि तिथे सामान वापरात आहे की कपाटात, एवढं विचारा.