हायब्रिड गाडीची लहान बॅटरी उतरली तर काय करावे?

मंडळाच्या कार्यक्रमांना येणाऱ्या गाड्यांमध्ये आता हायक्रॉस, हायरायडर, ग्रँड विटारा, होंडा सिटी अशा हायब्रिड गाड्या बऱ्याच दिसतात. आपल्यापैकी अनेकांची मुले पुणे, बंगळुरू किंवा परदेशात असतात. आई-वडील महिना-दोन महिने त्यांच्याकडे जातात आणि गाडी भोपाळला उभी राहते. परत आल्यावर किल्लीचे बटण दाबले तर दार उघडत नाही, आत बसून पॉवरचे बटण दाबले तर डॅशबोर्ड काळाच. अशा वेळी रात्री-अपरात्री दवाखाना गाठायचा असेल तर पंचाईत होते. घाईत चुकीची वायर लावली गेली तर काही हजारांचे काम लाखाच्या घरात जाऊ शकते. म्हणून ही माहिती घरातल्या सगळ्यांनी वाचून ठेवावी.

एका गाडीत दोन बॅटऱ्या

हायब्रिड गाडीत एक मोठी, उच्च दाबाची बॅटरी असते. ती चाके फिरवणाऱ्या मोटरला वीज देते. दुसरी लहान, नेहमीसारखी १२ व्होल्टची असते. दारांची कुलुपे, दिवे, गाडीतले संगणक हे सगळे तिच्यावर चालते. मुख्य म्हणजे, मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारे रिलेसुद्धा हीच लहान बॅटरी चालू करते. त्यामुळे मोठी बॅटरी भरलेली असली तरी लहान बॅटरी उतरली की गाडी जागची हलत नाही. पूर्ण इलेक्ट्रिक गाड्यांचेही तसेच आहे.

पेट्रोल गाडीची बॅटरी बसण्याआधी सूचना देते. सकाळी स्टार्टर मंद फिरतो, घरघरतो, आणि आपण समजतो की बॅटरी बदलायला हवी. पूर्ण हायब्रिडमध्ये हा नेहमीचा स्टार्टर नसतो. इंजिन फिरवण्याचे काम मोठ्या बॅटरीवरची मोटर करते. लहान बॅटरीवर भार कमी पडतो, म्हणून ती अशक्त झाली तरी कळत नाही आणि एक दिवस अचानक सगळे बंद पडते. भोपाळच्या मे महिन्यातील चाळीस अंशांवरची उष्णता या बॅटरीचे आयुष्य आणखी कमी करते. साधारण ३ ते ५ वर्षांत ती बदलावी लागते.

आधी खात्री करा

दार उघडत नसेल तर दोन शक्यता असतात. किल्लीतला लहान सेल संपला असेल, तर किल्लीत दडलेल्या धातूच्या चावीने दार उघडता येते आणि आतले दिवे लागतात. मग ब्रेक दाबून किल्ली पॉवरच्या बटणाजवळ धरली की बहुतेक गाड्या सुरू होतात. दार उघडल्यावरही आतला दिवा लागला नाही, किंवा मिणमिणला, तर १२ व्होल्टची बॅटरी उतरली आहे असे समजावे. मल्टिमीटर असेल तर मोजून पाहा. उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, आणि ११.८ च्या खाली म्हणजे उतरलेली.

गाडी कशी सुरू करावी

काही मॉडेलांत ही बॅटरी बोनेटखाली असते, तर काहींत मागे डिकीत किंवा सीटजवळ असते. मागे असेल तर जंपर केबल लावण्यासाठी बोनेटखाली फ्यूज बॉक्समध्ये वेगळे प्लस टर्मिनल दिलेले असू शकते. आपल्या गाडीत ते कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये आजच पाहून ठेवा.

मदतीला १२ व्होल्टची दुसरी गाडी घ्या. ट्रकची २४ व्होल्टची बॅटरी कधीही वापरू नका. दोन्ही गाड्या बंद ठेवून पुढील क्रमाने केबल लावा:

१. लाल केबलचे एक टोक आपल्या गाडीच्या प्लसला.
२. लालचे दुसरे टोक मदतीच्या गाडीच्या प्लसला.
३. काळ्या केबलचे एक टोक मदतीच्या गाडीच्या मायनसला.
४. काळ्याचे दुसरे टोक आपल्या गाडीच्या रंग नसलेल्या धातूच्या भागाला, बॅटरीपासून दूर.

आता मदतीची गाडी सुरू करून पाच मिनिटे चालू ठेवा. मग आपल्या गाडीत ब्रेक दाबून पॉवरचे बटण दाबा. डॅशबोर्डवर ‘रेडी’चा दिवा लागला की काम झाले. इंजिनचा आवाज आला नाही तरी काळजी नको. केबल उलट्या क्रमाने काढा.

प्लस-मायनसची अदलाबदल अजिबात होऊ देऊ नका. तसे झाल्यास फ्यूजच नव्हे, तर महागडे इलेक्ट्रॉनिक भागही जळू शकतात. बोनेटखालच्या नारिंगी वायरींना हात लावू नका, त्या उच्च दाबाच्या आहेत.

महाराणा प्रताप नगरात झोन-१ किंवा झोन-२ मध्ये इमारतीच्या तळघरात गाडी लावली असेल, तर दुसरी गाडी जवळ आणायला बहुधा जागा नसते. तिथे पॉवर बँकसारखा छोटा जंप स्टार्टर उपयोगी पडतो. हायब्रिडला फक्त संगणक आणि रिले जागे करायचे असल्याने लहान जंप स्टार्टरही पुरतो. मात्र तो स्वतः चार्ज केलेला असावा आणि उन्हात तापणाऱ्या गाडीत न ठेवता घरी ठेवावा.

हे करू नका

गाडीला धक्का मारू नका. पूर्ण हायब्रिड धक्क्याने सुरू होत नाही. पुढची चाके जमिनीवर ठेवून टोचनही करू नका. चाके फिरली की मोटर वीज निर्माण करू शकते. गाडी फ्लॅटबेडवर चढवूनच न्यावी. बैतूलमार्गे नागपूरला जाताना राष्ट्रीय महामार्गावर अडचण आली तर १०३३ हा मदत क्रमांक लक्षात ठेवा. तसेच मॅन्युअलमध्ये स्पष्ट परवानगी नसेल तर आपल्या हायब्रिडवरून दुसऱ्याची गाडी सुरू करून देऊ नका.

सुरू झाल्यावर

लहान बॅटरी हळूहळू भरते. कमीत कमी अर्धा-एक तास गाडी चालवा आणि लगेच बंद करू नका. पुन्हा उतरली तर बॅटरी तपासून घ्या. नवीन घेताना गाडीत होती त्याच प्रकारची मागा. आत बसवलेल्या बॅटरीला वायू बाहेर नेणारी नळी असते, तीही जोडली आहे ना ते पाहा. मोठ्या बॅटरीवर टोयोटा ८ वर्षे किंवा १,६०,००० किमी वॉरंटी देते, पण ती या लहान बॅटरीला लागू होत नाही. तिची वॉरंटी वेगळी असते. जुनी बॅटरी भंगारवाल्याला न देता दुकानात परत करा, त्यात शिसे आणि आम्ल असते.

गावाला जाण्यापूर्वी

बरेच जण शेजाऱ्यांना सांगून जातात, “अधूनमधून गाडी चालू करत जा.” शेजारी बटण दाबतात, डॅशबोर्ड उजळतो, पाच मिनिटांनी ते बंद करतात. ब्रेक न दाबता बटण दाबले तर ‘रेडी’ दिवा लागत नाही आणि बॅटरी भरण्याऐवजी आणखी उतरते. म्हणून शेजाऱ्यांना नेमके सांगा: ब्रेक दाबून ‘रेडी’ लावा, गियर ‘पी’मध्येच ठेवा आणि आठवड्यातून एकदा तासभर चालू ठेवा, थोडी फिरवून आणली तर उत्तमच. ‘एन’मध्ये ठेवल्यास अनेक हायब्रिड गाड्यांची मोठी बॅटरी भरत नाही. बंद गॅरेजमध्ये किंवा तळघरात मात्र हे करू नका. ‘रेडी’ असताना इंजिन आपोआप सुरू होते आणि विषारी धूर साचू शकतो.

शेजाऱ्यांवर भार नको असेल तर पार्किंगमध्ये प्लग असल्यास बॅटरी मेंटेनर लावता येतो. मायनस वायर काढून ठेवण्याचाही पर्याय आहे. मात्र बॅटरी डिकीत असेल तर डिकी पुन्हा कशी उघडेल ते आधी मॅन्युअलमध्ये पाहा. स्मार्ट किल्ली गाडीच्या अगदी जवळ, अंगणाच्या भिंतीवर टांगू नका. गाडी आणि किल्ली सतत एकमेकींशी बोलत राहतात आणि दोन्हींची वीज खर्च होते.

डॅशकॅम उभ्या गाडीत चालू राहत असेल तर त्याची पिनही काढून ठेवा. आणि घरातल्या ज्येष्ठांना धातूची चावी किल्लीतून कशी काढायची ते एकदा हाताने करून दाखवा. दार उघडले तरच पुढचे सगळे करता येते.