लयकारिका आणि ढळणारी धारणा

पर्युषण आणि दशलक्षण पर्वाचे दिवस जवळ आले की समाजाच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश नेमाने फिरू लागतो. जपानी शास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमी यांना उपवासावरील संशोधनासाठी नोबेल मिळाले, सबब उपवासाने मेंदूतील कचरा साफ होतो आणि विस्मरणाचा आजार टळतो, असा त्याचा आशय. ओसुमी यांना २०१६ चे नोबेल पारितोषिक मिळाले हे खरे. परंतु ते यीस्टच्या पेशींवरील कामासाठी होते. उपाशी ठेवलेली पेशी स्वतःचेच टाकाऊ भाग कसे गोळा करून मोडते आणि त्यामागे कोणती जनुके असतात, याचा छडा त्यांनी लावला. या क्रियेस ऑटोफॅजी म्हणतात. अल्झायमरमध्ये मोठी अडचण उद्भवते ती गोळा करण्याच्या पुढच्या पायरीवर, म्हणजे गोळा झालेले पचवण्यात.

ही पचनाची जागा सापडली ती अगदी अनपेक्षितपणे. बेल्जियममधील लूवाँ येथे ख्रिस्तियाँ द दूव हे यकृतावर इन्शुलिन कसे कार्य करते याचा अभ्यास करीत होते. १९४९ साली त्यांच्या प्रयोगशाळेत उंदराच्या यकृताच्या पेशी हलक्या हाताने घोटून त्यांतील एका विकराचे, म्हणजे एन्झाइमचे, मोजमाप घेतले गेले. ते अपेक्षेच्या जेमतेम एक दशांश भरले. तोच नमुना शीतकपाटात ठेवून पाच दिवसांनी पुन्हा मोजला, तर विकराचे कार्य कितीतरी वाढलेले! पहिले मोजमाप चुकले असे म्हणून वही मिटणे सोपे होते. द दूव यांनी मात्र हा न जुळणारा ताळाच धरून ठेवला. विकर नाहीसे झालेच नव्हते. ते पातळ आवरणाच्या सूक्ष्म पिशव्यांत बंद होते आणि आवरण विरल्यावर बाहेर आले होते. १९५५ साली या पिशव्यांना लायसोसोम हे नाव मिळाले. आपल्या शालेय पुस्तकांत त्यांनाच लयकारिका म्हणतात. या कामाबद्दल द दूव १९७४ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले.

लयकारिकेत पन्नासाहून अधिक प्रकारची विकरे असतात. त्यांतील कॅथेप्सिन नावाची विकरे प्रथिनांचे तुकडे करतात. बहुतेक विकरांना काम करण्यासाठी आम्ल लागते. पिशवीच्या आवरणातील पंप हायड्रोजनचे आयन सतत आत ढकलत असतो. त्यामुळे आतला पीएच साडेचार ते पाचच्या आसपास राहतो, तर बाहेर तो सातच्या थोडा वर असतो. यात पेशीची सुरक्षितताही आहे, कारण चुकून बाहेर पडलेले विकर तेथे फारसे चालत नाही. मात्र पंप मंदावला की पिशवीत विकरे असूनही काम अडते. गिरणी उभी आहे, दळणाचे डबे येऊन पडले आहेत, आणि वीज नाही, अशी ती अवस्था.

चेतापेशीला याची झळ अधिक बसते. प्रौढ चेतापेशी विभागून नवी होत नाही. जन्मापासून आलेलीच आयुष्यभर पुरवावी लागते. शिवाय तिच्या लांबलचक तंतूच्या टोकाशी गोळा झालेला टाकाऊ माल पचनासाठी पेशीच्या मुख्य भागाकडे वाहून आणावा लागतो.

आलोइस आल्झायमर यांनी १९०६ साली जर्मनीतील ट्यूबिंगेन येथे एका मृत रुग्ण स्त्रीच्या मेंदूत आढळलेल्या साक्यांचे व गुंत्यांचे वर्णन केले. पेशींबाहेरचा साका अमायलॉइड बीटाचा आणि आतला गुंता टाउ प्रथिनाचा, हे बऱ्याच काळाने कळले. संशोधनाचे लक्ष दीर्घकाळ बाहेरच्या साक्यावरच राहिले. न्यूयॉर्क राज्यातील नेथन क्लाइन संस्थेचे राल्फ निक्सन यांनी पेशीच्या आत पाहिले. २००५ मध्ये त्यांच्या गटाने रुग्णांच्या चेतापेशींत अर्धवट पचलेल्या मालाच्या पिशव्या तुंबलेल्या दाखवल्या. २०१० मध्ये, काही कुटुंबांत तरुण वयात अल्झायमर आणणाऱ्या प्रेसेनिलिन जनुकाचा संबंध त्यांनी या आम्लपंपाशी जोडला. त्यावर इतर प्रयोगशाळांनी आक्षेप घेतले आहेत, हेही सांगितले पाहिजे. २०२२ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत त्यांना असे दिसले की, बाहेर साका धरण्यापूर्वीच लयकारिकांतील आम्लता घटते, अमायलॉइड पेशीच्या आतच साचू लागते आणि फुगलेल्या पिशव्या फुलाच्या पाकळ्यांसारख्या पेशीभोवती उभ्या राहतात. अशा पेशी रुग्णांच्या मेंदूतही आढळल्या.

बाहेरचा साका हटवणारे लेकानेमॅब हे औषध अमेरिकेत २०२३ मध्ये मान्य झाले. अठरा महिन्यांच्या चाचणीत त्याने ऱ्हासाचा वेग सुमारे २७ टक्क्यांनी कमी केला. गेलेले परत आणले नाही. लयकारिकेची आम्लता पूर्ववत करण्याचे प्रयत्न अद्याप प्रयोगशाळेतच आहेत.

आता पुन्हा त्या संदेशाकडे. गिरणीच बंद असेल तर दळण अधिक आणून टाकल्याने पीठ मिळत नाही. उपवासाने अल्झायमर टळतो असे माणसांत सिद्ध झालेले नाही. तपाचे प्रयोजन आपल्या शास्त्रांनी कर्मनिर्जरा असे सांगितले आहे, आणि त्याला नोबेलच्या शिक्क्याची गरज कधीच नव्हती. मधुमेहाची औषधे घेणाऱ्या वृद्धांनी अठ्ठाईचा संकल्प करण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे, कारण साखर फार उतरली तर इजा मेंदूलाच होते.

मतिज्ञानाच्या अवग्रह, ईहा, अवाय आणि धारणा या चार पायऱ्या वाचकांना परिचित आहेत. या आजारात प्रायः आधी ढळते ती शेवटची. गिऱ्हाईक ओळखू येते, भावही बरोबर सांगितला जातो, पण एकाच व्यापाऱ्याचे बिल आठवड्यात दोनदा चुकते होते. घरातील माणसे ‘वय झाले’ म्हणून सोडून देतात. असे दिसू लागल्यास तपासणी लवकर करावी, आणि तीत ब-१२ जीवनसत्त्व व थायरॉइडची रक्तचाचणी अवश्य असावी. शुद्ध शाकाहारी घरांत ब-१२ ची कमतरता पुष्कळ आढळते. तिनेही स्मरण मंदावते, आणि वेळीच कळली तर तिच्यावर उपचार आहे.