यादीबाहेरचं पाणी

फेब्रुवारी 2003 मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेनं बाटलीबंद पाण्याच्या तपासणीचा अहवाल जाहीर केला. दिल्ली परिसरातल्या 17 आणि मुंबईतल्या 13 ब्रँडचं पाणी त्यांनी तपासलं होतं. त्यात लिंडेन, डीडीटी, मॅलॅथिऑन, क्लोरपायरीफॉस अशी कीटकनाशकं सापडली. या पाण्याला आयएसआय चिन्ह सक्तीचं होऊन तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती.

लबाडी झाली, असं म्हणून हा विषय मिटत नाही. कीटकनाशकं ‘आढळण्याच्या मर्यादेखाली’ असावीत, एवढंच तेव्हाचं मानक सांगत होतं. आणि ती शोधायची म्हणून नेमून दिलेली पद्धत इतकी ढोबळ होती, की सूक्ष्म अंश तिला दिसतच नसत. संस्थेनं युरोपातली मर्यादा लावून पाहिली: एका कीटकनाशकाला लिटरमागे 0.1 मायक्रोग्रॅम, सगळ्यांना मिळून 0.5. देशभर गदारोळ उठला आणि त्याच वर्षी सरकारनं या मर्यादा बाटलीबंद पाण्यासाठी अधिसूचित केल्या. कंपन्यांशी देणंघेणं नसलेल्या प्रयोगशाळेनं पाणी तपासलं, म्हणून हे घडलं. स्वतंत्र प्रमाणनाची गरज सांगायला मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही.

कोणताही शिक्का यादीवर चालतो. यादीत आहे ते शोधलं जातं. नाही ते बाटलीत असलं तरी पाणी ‘पास’ होतं. आज यादीच्या उंबरठ्यावर उभे असलेले पदार्थ कीटकनाशकांहून चिवट आहेत. नॉनस्टिक तवे, पाणी न धरणारं कापड, आग विझवण्याचा फेस यांत वापरलेली पीफास रसायनं निसर्गात जवळजवळ विघटित होत नाहीत. एप्रिल 2024 मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं त्यांपैकी पीएफओए आणि पीएफओएस या दोघांना लिटरमागे 4 नॅनोग्रॅमची मर्यादा घातली, पण ती सार्वजनिक नळपाणी योजनांना. बाटलीचं पाणी तिथे अन्न व औषध प्रशासनाच्या अखत्यारीत येतं. एकच पाणी, पण नळातून आलं तर एक कायदा आणि बाटलीतून आलं तर दुसरा!

प्लास्टिकचं प्रकरण याहून अवघड. जानेवारी 2024 मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या तीन ब्रँडच्या पाण्यात लिटरमागे सरासरी 2 लाख 40 हजार प्लास्टिककण मोजले. त्यांतले सुमारे 90 टक्के नॅनो आकाराचे, म्हणजे जुन्या पद्धतींना न दिसणारे होते. बाटली ज्या पीईटीची असते ते प्लास्टिक सापडणं अपेक्षितच होतं. त्याहून जास्त निघालं पॉलिअमाइड, एक प्रकारचं नायलॉन. ते बहुधा पाणी शुद्ध करणाऱ्या गाळण्यांतूनच आलं असावं, असा संशोधकांचा अंदाज आहे. शुद्धीकरणाच्या टप्प्यावरच पाण्यात काही मिसळत असेल, तर यंत्रं उत्तम असल्याचा दाखला पुरेसा कसा मानायचा?

आपल्याकडे ऑक्टोबर 2024 मध्ये बाटलीबंद पाण्यावरची भारतीय मानक ब्युरोच्या प्रमाणनाची, म्हणजे त्याच आयएसआय चिन्हाची, सक्ती उठली. नोव्हेंबरअखेर अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, म्हणजे एफएसएसएआयनं, ते ‘उच्च जोखमीचं’ अन्न ठरवलं आणि मान्यताप्राप्त त्रयस्थ संस्थेकडून दरवर्षी ऑडिट बंधनकारक केलं. पाऊल योग्य दिशेचं आहे. पण ऑडिट मुख्यतः कारखाना, नोंदवह्या आणि कामाची पद्धत पाहतं. उन्हात टपरीवर महिनाभर तापलेली बाटली त्याच्या नजरेला पडत नाही. म्हणून नमुना न कळवता आणि बाजारातूनच उचलला पाहिजे. तपासणीचा खर्च कंपन्यांकडून वसूल करावा, पण प्रयोगशाळा कंपनीनं निवडू नये.

अन्नातल्या सूक्ष्म प्लास्टिकच्या तपासणीपद्धती ठरवण्याचा प्रकल्प एफएसएसएआयनं 2024 मध्ये हाती घेतला. लखनौ, कोची आणि पिलानी इथल्या संस्था त्यात आहेत. पद्धत ठरली की मर्यादा ठरवता येईल. तोवर निदान एवढं तरी व्हावं: प्रत्येक तपासणीचा निकाल ब्रँड आणि बॅच क्रमांकासह लोकांसमोर यावा, आणि कोणते पदार्थ शोधलेच नाहीत, तेही त्यात लिहिलेलं असावं.