इंजिन तापायच्या आत स्टेशन येतं

डिसेंबर उजाडला की अंबरनाथ पश्चिमेला पहाटे स्वेटर निघतात. समुद्र लांब, आभाळ निरभ्र, रात्रभर जमिनीतली ऊब निघून जाते आणि पारा मुंबईच्या खाली उतरतो. मग सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणाची तरी गाडी सेल्फ मारताना रडते आणि निदान ठरलेलं असतं, 'थंडीनं बॅटरी गेली!'

थंडीवर हा आळ उगाच येतो. बॅटरीचं आयुष्य खातो तो एप्रिल-मेचा उकाडा. आतल्या पट्ट्या गंजतात, पाणी उडतं, पण तेव्हा गाडी सुरू होत राहते. गारठ्यात बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि त्याच वेळी इंजिन ऑइल घट्ट झाल्यामुळे सेल्फला जास्त जोर लागतो. उन्हाळ्यात झालेली झीज अशी जानेवारीत उघडी पडते.

खरी कडाक्याची थंडी लडाखमध्ये. तिथे डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर तुंबतो. म्हणून इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल तिथे आणलं. आपल्याकडे असलं काही लागत नाही. आपली अडचण वेगळीच आहे: अंतर फार कमी.

विम्को नाक्याच्या आसपास राहणाऱ्याने घरच्यांना लोकलसाठी स्टेशनला सोडायचं म्हणजे पाच-सात मिनिटांचं काम. एवढ्यात इंजिन पुरतं तापत नाही. गार इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं. त्यातलं थोडं न जळता ऑइलमध्ये उतरतं, शिवाय आत दव धरतं. लांब पल्ल्यावर हे दोन्ही उडून जातं, स्टेशनच्या फेरीत साठत जातं. सेल्फने खर्च केलेली वीजही तेवढ्या वेळात पुरती भरून निघत नाही, विशेषतः हेडलाइट आणि काच पुसायचा पंखा चालू असेल तर. गाडीच्या पुस्तिकेत अशा वापराला 'खडतर' म्हणतात आणि ऑइल लवकर बदलायला सांगतात. ते पान कोणी उघडत नाही.

म्हणून गाडी दहा मिनिटं जागेवर घरघरत ठेवायची का? मुळीच नाही. ती सवय चोक ओढायच्या पद्मिनीच्या जमान्यातली. आता इंजेक्टर पेट्रोलचं माप स्वतः ठरवतात. अर्धं मिनिट थांबा, निघा, पहिले दोन-तीन किलोमीटर अॅक्सिलरेटर हलका ठेवा. गिअरबॉक्स तर उभ्या गाडीत फारसा तापतच नाही. सकाळी पहिल्यावरून दुसरा टाकताना लिव्हर अडतो, तो आतल्या घट्ट तेलामुळे. खेचू नका, क्षणभर दाबून धरला की बसतो. अनेक सीएनजी गाड्या सुरुवातीला पेट्रोलवर चालतात तेही गारठ्यामुळेच. दाब उतरताना गॅस कमालीचा थंड होतो आणि त्याला ऊब द्यायला इंजिनातलं पाणी आधी तापावं लागतं.

हाताला सर्वांत आधी जाणवतं ते मात्र टायरमध्ये. दुपारी ३२ अंशांत ३३ पीएसआय भरलेली हवा पहाटे १४ अंशांवर साधारण ३० उरते. गळती कुठेच नाही, हा वायूचा साधा हिशोब आहे. पंपावर पैसे मोजून भरलेला नायट्रोजनही त्यातून सुटत नाही. स्टिअरिंग जड होतं, वळणावर गाडी उशिरा ऐकते, टायर कडांनी झिजतात. दारावरच्या चिठ्ठीतला आकडा गार टायरसाठी असतो, त्यामुळे हवा सकाळी, जवळच्या पंक्चरवाल्याकडेच तपासावी. चालून तापलेल्या टायरमधून जास्तीची वाटणारी हवा सोडून दिली की दुसऱ्या पहाटे टायर आणखी बसलेला मिळतो.

कल्याण-बदलापूर रस्त्यावर पहाटे दव पडलेलं असतं आणि त्याखाली धूळ नि अवजड गाड्यांचं सांडलेलं ऑइल. पहिल्या पावसासारखाच तो थर निसरडा, फक्त ओला दिसत नाही. फॉरेस्ट नाक्याला समोरचा ट्रक अचानक थांबला तर पुढचं अंतरच कामाला येतं. काच आतून धुरकटली तर फडकं मारत बसू नका. थंडी असली तरी एसी लावा आणि हवा काचेवर सोडा. एसी हवेतली ओल शोषतो. वर गरम हवेचा नॉब फिरवला तर काच आणखी लवकर मोकळी होते, पण त्यासाठी पुन्हा इंजिन तापलेलं हवं.