अंगणाची वांटणी आणि नगराचे नियम

गेल्या माघांत आमच्या एका जुन्या स्नेह्यांचा निरोप आला कीं, "मास्तर, टेप घेऊन या, अंगण मोजावयाचें आहे." आमचा सर्व जन्म संस्कृताचीं रूपें घोकवून घेण्यांत गेला, भूमिति शिकविणारे गृहस्थ शेजारच्या वर्गावर असत. तथापि निवृत्त शिक्षक म्हटला म्हणजे त्यास सर्व कांहीं येतें, अशी आपल्या लोकांची एक प्रेमळ समजूत आहे. ती मोडण्याचा धीर न होऊन आम्ही कासारवाडीस गाडींतून उतरलों आणि पिंपळे गुरवची वाट धरली.

हें गांव पवनेच्या कांठीं आहे. पिंपळे नांवाचीं तीन गांवें जवळ जवळ आहेत, गुरव, सौदागर व निलख, आणि नवख्या माणसाची तेथें हटकून फसगत होते. आज मुलें पिंपळे गुरव ओळखतात तें तेथील डायनासोर उद्यानामुळें. पण आमच्या स्नेह्यांच्या वडिलांनीं १९७९ सालीं येथें जागा घेतली तेव्हां सभोंवार शेतें होतीं. १९५४ त पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला, १९६२ त औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, १९७० त नगरपालिका आली आणि १९८२ च्या आक्टोबरांत तिची महानगरपालिका झाली. कारखान्यांत पोट भरावयास आलेल्या माणसानें मिळेल तेथें गुंठा दोन गुंठे घेऊन चार भिंती उभ्या कराव्या, हा त्या काळचा रिवाज. वडिलांनीं शेतकऱ्याकडून चार गुंठे घेतले. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, अर्थात् तेहतीस फुटांचा चौरस. चार गुंठे म्हणजे सहासष्ट फूट लांब व तितकीच रुंद अशी चौकोनी जागा. पूर्वेस रस्ता, मध्यें बैठें घर, मागें कूपनलिका आणि एक प्राजक्त.

वडील व आई दोघेंही आतां नाहींत. मृत्युपत्र नाहीं. वारस तीन: आमचे स्नेही, त्यांचा धाकटा भाऊ आणि बहीण. धाकट्यानें वहीच्या कागदावर वांटणीचा नकाशा काढून ठेविला होता व तो गणिताच्या दृष्टीनें अगदीं निर्दोष होता. रस्त्याकडील बाजूस दोन तुकडे, प्रत्येकी तेहतीस फूट रुंद व चव्वेचाळीस फूट खोल, ते दोघां भावांचे. मागें सहासष्ट फूट लांब व बावीस फूट रुंद पट्टी, ती बहिणीची. गुणाकार करून पाहा, प्रत्येकाच्या वांट्यास बरोबर १४५२ चौरस फूट येतात. आम्हीं विचारलें, "हिनें घरांत जावयाचें कोठून?" धाकटा म्हणाला, "भिंतीकडेनें जाईल कीं! आम्ही का तिला अडविणार आहोंत?" बहीण कांहीं बोलली नाहीं. ती प्राजक्ताखालीं फुलें वेंचीत होती, पण तिचें सारें लक्ष आमच्याकडे होतें.

येथें आम्हांस आमच्याच घरची एक गोष्ट आठवली. आमचे वडील व काका विभक्त झाले तेव्हां पुढील अर्धा वाडा आमच्याकडे व मागील अर्धा काकांकडे आला. रस्ता भिंतीकडेनें, तोंडीं बोलीवर. भावांभावांत लेख कसला करावयाचा? पुढें वडील गेले, आमच्याकडील निम्मी बाजू विकली गेली, आणि घेणाऱ्यानें, आपल्या हक्कानेंच, त्या वाटेवर भिंत घातली. काकू शेवटच्या दुखण्यांत असतांना त्यांना खुर्चींत बसवून आमच्या स्वयंपाकघरांतून, पेटलेल्या चुलीशेजारून, बाहेर आणावें लागलें. त्या माउलीनें त्या स्थितींतही "तुमच्या सोंवळ्यांत आलें हो" म्हणून आमच्या आईची क्षमा मागितली. हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. म्हणून "भिंतीकडेनें जाईल" हे शब्द ऐकले कीं आमच्या पोटांत गोळा उभा राहतो.

आणि मौज अशी कीं हा प्रश्न आपल्या धर्मशास्त्रकारांस पुरता ठाऊक होता. मनूनें ज्या वस्तूंची वांटणी करूं नये म्हणून सांगितलें आहे त्यांत उदक व प्रचार हीं दोन्ही आहेत. कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयास असलेल्या विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत याचा उलगडा करतांना उदक म्हणजे विहिरीसारखा पाण्याचा सांठा आणि प्रचार म्हणजे घरांत बागेंत जाण्यायेण्याची वाट, असा अर्थ लाविला आहे. भाऊ वेगळे झाले, भांडीं वेगळीं झालीं, तरी वाट व विहीर सर्वांचीच. नऊशें वर्षांपूर्वींचा तो पंडित वहीच्या कागदावरील तो नकाशा पाहतांच हातांतील लेखणी खालीं ठेवता!

आतां आजच्या कायद्याकडे वळूं. प्रथम बहिणीचा हक्क. धाकट्याची समजूत अशी कीं, मुलींना वांटा २००५ सालच्या सुधारणेनें मिळाला व तोही बापाच्या मृत्यूच्या तारखेवर अवलंबून. ही समजूत सुशिक्षितांतही आहे. २००५ ची सुधारणा वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीविषयीं आहे, आणि त्या बाबतींतही बाप कोणत्या तारखेस हयात होता याचा संबंध नाहीं असें सर्वोच्च न्यायालयानें २०२० त स्पष्ट केलें. परंतु बापानें स्वतः कमावलेली मिळकत मृत्युपत्रावांचून मागें राहिली, तर तींत मुलगा व मुलगी यांचा वांटा १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्यापासूनच सारखा आहे. म्हणजे ही बहीण कोणाच्या कृपेनें वांटेकरी झालेली नव्हे.

दुसरी गोष्ट अधिक घोंटाळ्याची. कुटुंबांतील वांटणी ही एक आणि नगररचनेच्या दृष्टीनें जमिनीची विभागणी ही दुसरी. पहिली वाटपपत्र लिहून दुय्यम निबंधकापुढें नोंदविली कीं पुरी होते. पण तेवढ्यानें दुसरी होत नाहीं. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ चा आहे. त्यांत ‘विकास’ या शब्दाची जी व्याख्या दिली आहे तिच्यांत जमिनीची आंखणी व उपविभागणी हीही येते. आम्ही विकास म्हणजे फुलणें असें शिकवीत आलों. येथें कुंपण घालणें हाही विकास! तेव्हां वीट न लावतां नुसते तुकडे पाडावयाचे असले तरी कलम ४४ प्रमाणें नियोजन प्राधिकरणाकडे, म्हणजे येथें महानगरपालिकेकडे, अर्ज करून परवानगी घ्यावी लागते. घरपट्टी तीन नांवांनीं वेगळी झाली म्हणून जागेचे तीन भूखंड झाले असें होत नाहीं. घरपट्टीची पावती मालकीचाही पुरावा नव्हे. ती कर भरल्याची पावती आहे, इतकेंच.

कागद पाहूं लागलों तेव्हां खरी मेख सांपडली. तीन तुकडे पाडण्याची गोष्ट दूरच. मूळचे चार गुंठे हाच एका मोठ्या सर्व्हे नंबराचा, आंखणी मंजूर न करतां पाडलेला तुकडा निघाला. सातबाऱ्यावर आणखी कितीतरी लोकांचीं नांवें एकत्र! शेतीचे फार लहान तुकडे होऊं नयेत म्हणून १९४७ सालीं तुकडेबंदीचा कायदा झाला. तो धान्याच्या काळजीनें केलेला, पण शहरें वाढलीं तशी त्याची मिठी घरांस बसली. पुढें २०१६ पासून महापालिकांच्या हद्दींत त्याचीं बंधनें सैल केलीं, परंतु ठरीव क्षेत्रापेक्षां लहान तुकडा मंजूर आंखणींतला असावा अशी अट घातली. १२ जुलै २०२१ च्या परिपत्रकानें मंजुरीवांचूनच्या गुंठ्या-दोन गुंठ्यांचे दस्त नोंदविणें थांबलें. मे २०२२ मध्यें उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें तें परिपत्रक रद्द ठरविलें. आणि २०२५ च्या नोव्हेंबरांत शासनानें अध्यादेश काढून निवासी विभागांतील जुन्या तुकड्यांचे व्यवहार नियमित करण्याची वाट मोकळी केली. इतक्या वेळां दार उघडलें व लागलें कीं सामान्य माणसानें उंबऱ्यावरच बसून राहावें!

मात्र व्यवहार नियमित होणें आणि भूखंड व त्यावरील घर नियमित होणें हीं निराळीं. त्यासाठीं २००१ चा गुंठेवारी विकास अधिनियम आहे. त्याची मुदत मूळची १ जानेवारी २००१ पर्यंतच्या भूखंडांपुरती होती, ती २०२१ मध्यें ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढविली. वडिलांचे चार गुंठे त्यांत बसतात. पण भावंडांनीं आज पाडलेले तीन तुकडे त्या तारखेनंतरचे, म्हणून त्यांस ती सवलत नाहीं. तेव्हां क्रम असा ठरला कीं, आधीं अखंड चार गुंठे नियमित करून घ्यावे व मग विभागणीचा विचार करावा. उलट क्रमानें जाणारा मनुष्य दोन्हीकडून अडकतो.

विभागणीचे नियम २ डिसेंबर २०२० रोजीं मंजूर झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलींत आहेत. बृहन्मुंबई व कांहीं थोडे प्रदेश सोडून ती साऱ्या महाराष्ट्रास लागू आहे. तिच्यांत चार हजार चौरस मीटर व त्यावरील जागेची आंखणी करतांना शेंकडा दहा भाग मोकळा सोडण्यास सांगितलें आहे. आपल्या चार गुंठ्यांस, म्हणजे सुमारें चारशें पांच चौरस मीटरांस, तो भार नाहीं. पण प्रत्येक भूखंडास रस्ता पाहिजे, यांतून लहानाची सुटका नाहीं. आंखणींतील निवासी रस्ता दीडशें मीटर लांबीपर्यंत नऊ मीटर रुंदीचा सांगितला आहे. नऊ मीटर म्हणजे साडेएकोणतीस फूट. धाकट्याच्या नकाशांत बहिणीच्या पट्टीपर्यंत असा रस्ता न्यावयाचा तर चव्वेचाळीस फुटांच्या लांबीवर जवळ जवळ तेराशें चौरस फूट, म्हणजे बहुतेक एक संबंध वांटाच, रस्त्यांत जातो! हा हिशेब आम्हीं त्याच वहीच्या पाठीमागें करून दाखविला. धाकटा बराच वेळ आंकड्यांकडे पाहत राहिला.

मग उभ्या तीन पट्ट्यांचा विचार निघाला. प्रत्येकीचें तोंड रस्त्यावर, रुंदी बावीस फूट. येथें दुसरी अडचण. स्वतंत्र भूखंड झाला कीं त्याच्या कडांस समासान्तरें सोडावीं लागतात, आणि तीं रस्त्याच्या रुंदीवर व इमारतीच्या उंचीवर बदलतात. समजा, प्रत्येक बाजूस दीड मीटर म्हणजे पांच फूट सोडले, तर बावीस फुटांत घरास उरतात बारा. बारा फुटांचें घर म्हणजे आगगाडीचा डबा. तेंच तिन्ही घरें एका नकाशांत, भिंतीला भिंत लावून, रांगेनें बांधलीं तर दोन टोंकांस पांच पांच फूट सोडून छपन्न फूट मिळतात. प्रत्येकास अठरा फूट आठ इंच. नुसतें तोडल्यानें वीस फूट मातींत जातात, ते असे वांचतात. चौथा मार्गही आम्हीं सुचविला: जमीन तोडूंच नये, एक इमारत बांधून तीन मजले १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालीं तिघांनीं घ्यावे. बहीण त्यावर प्रथमच बोलली. "मला पाय टेंकायला जमीन पाहिजे, मास्तर," एवढेंच.

नवख्या वाचकांसाठीं कामाची रीत थोडक्यांत सांगतों. भूमि अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून तिची क-प्रत घ्यावी. मालकीचा ताजा उतारा जोडावा. विकास आराखड्यांत जागा कोणत्या विभागांत आहे, रस्तारुंदीची रेषा किंवा नदीची पूररेषा तिच्यावरून जाते काय, याचा दाखला घ्यावा. पवनेच्या कांठीं ही शेवटची चौकशी विसरूं नये. नकाशा परवानाधारक वास्तुविशारदाकडूनच करावा. अर्जावर साठ दिवसांत निर्णय द्यावयाचा असतो; नाकारल्यास शासनाकडे अपील चाळीस दिवसांत करतां येतें. मंजुरीनंतर भूमि अभिलेखाकडे कमी-जास्त पत्रक करवून प्रत्येक भूखंडाचा उतारा वेगळा करून घेतल्याशिवाय काम पुरें झालें असें समजूं नये. पुष्कळ लोक मंजुरीचा नकाशा पेटींत ठेवून येथेंच थांबतात आणि नातवंडांना फेऱ्या घालावयास लावतात.

मोजणी चैत्रांत झाली. यंत्र घेऊन आलेल्या तरुण मोजणीदारानें अर्ध्या तासांत खुणा केल्या. शेजाऱ्यांस नोटिसा गेल्या होत्या, तेही हजर होते. आमची टेप पिशवींतच राहिली. रस्त्याकडील पांच फूट रुंदीकरणाच्या रेषेंत जातात असें दाखल्यावरून आधींच कळलें होतें, म्हणून खोली सहासष्टाची एकसष्ट धरली. तिघांनीं रांगेच्या घरांचा नकाशा पसंत केला. उत्तरेचें टोंक बहिणीस, मधलें धाकट्यास, दक्षिणेचें आमच्या स्नेह्यांस. कूपनलिका सामाईक, विजेचें बिल तिघांनीं तिसरा हिस्सा भरावयाचें, आणि मागील बाजूनें तिन्ही घरांस मिळून जी वाट आहे ती कोणी कधीं बंद करावयाची नाहीं, हें वाटपपत्राच्या मसुद्यांत धाकट्यानें आपण होऊन स्वतःच्या अक्षरांत घातलें. गुंठेवारीचा अर्ज गेला आहे, त्याची पावती देवघरांतील फडताळांत आहे. विभागणीचा त्यामागून जाईल.

आम्ही निघतांना वहिनींनीं पोहे दिले. बहीण अंगणांतून म्हणाली, "मास्तर, प्राजक्त कुणाच्या बाजूला हो?" तेव्हां मात्र आमची टेप कामास आली. खोड तिच्या हद्दींत सव्वा फूट आंत आहे; फांद्या अर्ध्याहून अधिक धाकट्याकडे झुकल्या आहेत.