काटा पडला म्हणजे पंप गेला?

मुलीने हौसेने आणलेल्या एस्प्रेसो मशिनवर दाब दाखवणारा काटा आहे. रोज ९ बारपर्यंत जाणारा हा काटा गेल्या महिन्यात ५ च्या पुढे सरकेना. कॉफी पंधरा सेकंदांत पाण्यासारखी वाहून जायची. चवीला पातळ आणि आंबट. दुरुस्तीवाल्याने फोनवरच निदान केले, ‘‘डॉक्टर, पंप गेला. बदलावा लागेल.’’ रुग्ण न तपासताच ऑपरेशन सांगण्याचा हा प्रकार. म्हटले, आधी तपासू.

१ बार म्हणजे सुमारे ७५० मिलिमीटर पारा. म्हणजे ९ बार हा आपल्या १२० च्या रक्तदाबाच्या पन्नासपटीहून जास्त. पण पंप एकटा हा दाब निर्माण करत नाही. तो पाणी ढकलतो. वाटेत दाबून बसवलेली कॉफीपूड त्याला अडवते, तेव्हा दाब तयार होतो. शरीरातही तसेच आहे. रक्तदाब हृदय किती रक्त फेकते यावर अवलंबून असतो, तसाच रक्तवाहिन्या किती विरोध करतात यावरही. रक्तदाब उतरला की आम्ही लगेच हृदयाला दोष देत नाही. जुलाबाने अंगातले पाणी कमी झाले का, हे आधी विचारतो.

मशिनलाही तोच क्रम लावावा. पहिले पाणी. टाकी भरलेली आणि नीट बसलेली आहे का? पंप नेहमीपेक्षा मोठ्याने खडखडत असेल, तर नळीत हवा अडकलेली असू शकते. गरम पाण्याचा किंवा वाफेचा नळ उघडून पाण्याची सलग धार येईपर्यंत पंप चालवावा. कोरडा पंप मात्र चालवत राहू नये.

दुसरी कॉफी. पूड जाड दळली, कमी घातली किंवा बिया जुन्या झाल्या, तर विरोध घटतो आणि काटा पडतो. उलट पूड फार बारीक असेल, तर काटा चढतो आणि कॉफी थेंबथेंब येते.

शेवटी पंप. बऱ्याच मशिनसोबत चाळणीची छिद्रे बंद करणारी रबरी चकती येते. ती बसवून, पूड न घालता, काही सेकंद पंप चालवावा. काटा नेहमीच्या दाबापर्यंत गेला, तर पंप ठणठणीत आहे. गेला नाही आणि मुठीच्या कडेने पाणी गळत असेल, तर रबरी वायसर झिजलेला असेल. गळती नसेल, तरच पंप किंवा दाब सोडणाऱ्या झडपेचा संशय घ्यावा.

आमचा काटा झटकन ९ च्या पुढे गेला. दोषी निघाली तीन महिन्यांपूर्वी फोडलेली बियांची पिशवी. ताज्या बिया आणल्या, दळण एक खूण बारीक केले आणि काटा जागेवर आला. खर्च फक्त बियांचा.

पूड न घालता, साध्या चाळणीनेही काटा चढत असेल, तर वाट तुंबली आहे असे समजावे. वरची जाळी कॉफीच्या तेलाने बुजते. बोअरचे जड पाणी वापरल्यास आत क्षार साचतात. जाळी घासावी. क्षार काढण्याचे द्रावण मशिनच्या माहितीपुस्तिकेत सांगितलेलेच वापरावे आणि नंतर साध्या पाण्याने आतून नीट धुऊन घ्यावे.

एक गोष्ट मात्र डॉक्टर म्हणून बजावून सांगतो. काटा चढलेला असताना मूठ कधीही फिरवू नका. काही मशिनमध्ये पंप बंद केल्यावरही आत दाब राहतो आणि मूठ सोडताच उकळते पाणी हातावर, तोंडावर उडते. काटा शून्यावर येईपर्यंत थांबा. चुकून भाजलेच, तर अंगठी-बांगड्या काढून तो भाग २० मिनिटे नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नका. फोड मोठा असेल किंवा चेहरा भाजला असेल, तर लगेच दवाखाना गाठा.

पंप बदलता येतो. हाताची कातडी इतक्या सहज बदलता येत नाही.