राखील त्याची राई

भाईंदरच्या पश्चिमेस राई नावाचे एक गाव आहे. आज ते मिरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत येते. मराठीत 'राई' ह्या शब्दाचा एक अर्थ झाडांचा दाट समूह असा आहे. आंब्यांची ती आमराई. देवाच्या नावाने राखलेली ती देवराई. झाडे आपोआप उगवतात. परंतु त्यांची राई टिकावी असे वाटत असेल, तर ती कोणीतरी राखावी लागते. आणि राईचा सर्वांत मोठा वैरी म्हणजे वणवा.

सर्वच राने सरकारी नसतात. १९७५ च्या कायद्याने महाराष्ट्रातील अनेक खाजगी वने शासनाच्या मालकीची झाली. तरीही कोकणात कुटुंबांच्या मालकीची राने अद्याप पुष्कळ आहेत. त्यांतील कित्येकांचे मालक नोकरी-व्यवसायासाठी मुंबई-ठाण्याकडे गेले. मागे राहिलेल्या रानात गवत वाढते, पाला साचतो आणि रानमोडी व घाणेरी ह्यांसारखी परकी झुडपे माजतात. उन्हाळ्यात हे सारे वाळून काटकीसारखे होते. मग एक ठिणगीही पुरते.

ही ठिणगी येते कोठून? आपल्याकडील बहुतेक वणवे माणसाच्या हातूनच लागतात. भाताची रोपे तयार करण्यासाठी शेतकरी जमिनीवर पालापाचोळा व फांद्या जाळतात. ह्यास राब भाजणे म्हणतात. वारा सुटला असता राबाची आग बांध ओलांडते. कोणी नवे गवत लवकर फुटावे म्हणून जुने पेटवतो, तर कोणी विडीचे पेटते थोटूक टाकून निघून जातो. एकदा पेटलेली आग चढणीवर फार वेगाने धावते. कारण ज्वाळांची उष्णता वर जाते आणि वरच्या अंगाचे गवत आग पोहोचण्यापूर्वीच तापून कोरडे होते.

आपल्याकडील वणवा बहुधा जमिनीलगत पसरतो. जाड सालीची जुनी झाडे त्यातून तगतात. त्यामुळे फारसे नुकसान झाले नाही, असा पाहणाऱ्याचा समज होतो. परंतु त्या आगीत बियांतून नुकतीच वर आलेली रोपे जळतात. दरवर्षी असे घडले, म्हणजे रानात केवळ म्हातारी झाडे उरतात. त्यांची जागा घेण्यास तरुण झाडेच नसतात. जमिनीवर घरटे करणाऱ्या रानकोंबडीची अंडी नष्ट होतात. उघड्या पडलेल्या उतारावर जूनचा पाऊस कोसळला, की माती वाहून जाते, पाणी मुरत नाही आणि झरे लवकर आटतात. म्हणजे रान जळते डोंगरावर आणि पाणी तुटते खालच्या गावात!

ह्यावर उपाय कठीण नाही; तो वेळेवर करावा लागतो, एवढेच. पावसाळा संपून गवत वाळू लागले, की जाणते मालक रानाच्या हद्दीवर काही फूट रुंदीचा पट्टा मोकळा करतात. त्यास जाळरेषा म्हणतात. तेथील गवत कापून व पाला ओढून काढल्याने आगीला पुढे जाण्यास खाद्य मिळत नाही. काढलेला पाला खताच्या खड्ड्यात टाकला, म्हणजे शेतीचाही लाभ होतो. रानमोडी फुलण्यापूर्वीच उपटावी. राब भाजायचा असेल, तर वारा पडलेला असताना, भोवतीची जागा साफ करून व पाणी जवळ ठेवून भाजावा. मात्र सारे रान झाडून लख्ख करणे हेही हिताचे नाही. आतील पाला जमिनीतील ओल धरून ठेवतो आणि जुन्या झाडांच्या ढोलीत धनेशासारखे पक्षी संसार थाटतात.

परंतु एकट्याने केलेली राखण पुरत नाही, कारण शेजारचे रान पेटले तर आपले कसे वाचणार? भाईंदर-वसईच्या किनाऱ्यावर १७३९ पर्यंत पोर्तुगिजांचा अंमल होता. त्यांच्या पोर्तुगाल देशातही बहुतेक वने खाजगी आहेत, आणि तेथेही मालक शहरांत गेल्यामुळे अनेक राने बेवारशासारखी पडली. जून २०१७ मध्ये तेथे भीषण वणवा लागून साठांहून अधिक माणसे प्राणास मुकली. मात्र फेरारिया नावाच्या एका खेड्यालगत बुचाच्या ओक वृक्षांची जुनी राई होती. ह्या झाडाच्या सालीपासून बाटल्यांची बुचे बनवतात. ती साल सहजी पेट घेत नाही. त्या राईने आग थोपवली आणि खेडे वाचले. त्यानंतर गावकऱ्यांनी एकत्र येऊन गावाभोवतीची चटकन पेटणारी निलगिरीची झाडे काढून टाकली. जमिनीचे मालक अनेक होते. काम मात्र सर्वांनी मिळून केले.

आज उपग्रहांच्या साहाय्याने वणव्याचा सुगावा लवकर लागतो. भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था २००४ पासून अशा सूचना देत आली आहे. पण सूचना मिळाली तरी आग विझवण्यास माणसांचेच हात लागतात. मुलांनी आगीजवळ जाऊ नये. धूर दिसताच वडीलधाऱ्यांना सांगावे आणि वनविभागाच्या १९२६ ह्या क्रमांकावर कळवण्यास लावावे. वणव्यास हद्द ठाऊक नसते. म्हणून रान राखणाऱ्यांनीही आपल्या हद्दीपाशी थांबून चालत नाही.